कडा का छाटल्या, डाग कसे भरले

सप्रेम नमस्कार,

जुन्या स्टिरिओ छायाचित्रांच्या (एकाच दृश्याच्या, डाव्या व उजव्या डोळ्यासाठीच्या दोन प्रतिमांच्या, एकत्र पाहिल्यावर खोलीचा आभास देणाऱ्या जोड्यांच्या) कडा छाटणे, प्रतिमा सरकवणे आणि डाग भरणे ही इतिहासाशी केलेली ढवळाढवळ असून संग्रहालयाने कार्ड जसे आहे तसेच दाखवावे, असा आपला आक्षेप आहे. डागांबाबत तो मला बराचसा पटतो, कडांबाबत मात्र नाही.

ही कार्डे साधारण साडेतीन बाय सात इंचांची आणि हातातल्या दर्शकातून, म्हणजे भिंगांच्या उपकरणातून, पाहण्यासाठीच केलेली. अमेरिकन लेखक व वैद्य ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या १८६१ च्या सुमाराच्या दर्शकातील भिंगे लोलकाचेही काम करीत, त्यामुळे दोन प्रतिमांमधील अंतर डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त असले तरी चाले. संग्रहालयातील मोठ्या पडद्यावर ही सोय नाही. समजा, ७५ मिलिमीटर रुंद प्रतिमांच्या जोडीत जवळची वस्तू जुळवून ठेवल्यावर दूरचा डोंगर ३ मिलिमीटरने सरकलेला दिसतो. ३ मीटर रुंद पडद्यावर तेच अंतर १२ सेंटिमीटर होते. आपल्या डोळ्यांत अंतर जेमतेम साडेसहा सेंटिमीटरांचे, म्हणजे तो डोंगर पाहायला डोळे बाहेरच्या बाजूला फिरवावे लागतील, आणि ते आपल्याला सहजी जमत नाही. म्हणून प्रतिमा परस्परांच्या तुलनेत सरकवाव्या लागतात आणि एकाच प्रतिमेत उरलेला पट्टा छाटावा लागतो. न सरकवलेले कार्ड पडद्यावर आले की प्रेक्षकाला खोलीच्या आभासाऐवजी डोकेदुखी मिळते.

डागांची गोष्ट अधिक नाजूक आहे. एकाच प्रतिमेतला ठिपका दोन्ही डोळ्यांत जुळत नाही, म्हणून तो हवेत लुकलुकत राहतो. पण तो भरताना चूक झाली तर ती ठिपक्याहून वाईट. एका जिन्याच्या चित्रात डाव्या प्रतिमेतील तिसऱ्या पायरीवर ओरखडा होता. तेवढा भाग मी उजव्या प्रतिमेतून घेतला, मात्र दोन प्रतिमांमधले पायरीचे सरकणे न मोजता मागच्या भिंतीचे मोजले, आणि पायरीचा तुकडा थेट भिंतीत जाऊन बसला! स्वयंचलित साधनांनी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे दुरुस्त केल्या तर असेच होते: विटांचा पोत दोन्हीकडे वेगळा कल्पिला जातो आणि सपाट भिंतीला खड्डे पडतात.

एकाच भिंगाचा कॅमेरा सरकवून घेतलेल्या जोडीत एखादा वाटसरू एकाच बाजूला उमटलेला असतो. त्याला मी हात लावत नाही. तो त्या दोन क्षणांमधल्या वेळेचा पुरावा आहे.

भरलेल्या जागा प्रेक्षकाला कळल्याच पाहिजेत, हे आपले म्हणणे मान्य आहे. त्या खुणा माझ्या फाइलीत आहेत, प्रदर्शनाच्या मांडणीत नव्हत्या, ही चूक माझी. पुढच्या वेळी न छेडलेला स्कॅन आणि खुणांचे चित्र पडद्याशेजारीच लावण्याचा आग्रह धरीन.