चारचौघींत बोलायचा विषय

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळात यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका फिजिओथेरपिस्ट बाईंना अर्धा तास बोलायला बोलवावं, असं महिला शाखेतल्या दोघीतिघींनी सुचवलं होतं. विषय होता खोकताना-शिंकताना लघवी निसटणं आणि अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली उतरून बाहेर येणं. बेत रद्द झाला. 'सणासुदीला हे काय?' इथपासून कारणं सुरू झाली. मग निघालं, 'आमच्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं केली, उकिडवं बसून धुणीभांडी केली, त्यांना कुठे असलं काही झालं? हे सगळं कमोडवर बसायला लागल्यापासूनचं.' वहिनीनं फोनवर हे सांगितल्यापासून मी धुमसते आहे.

आज्यांना काही झालं नाही हे ठरवलं कुणी? विचारलं होतं का कुणी त्यांना? उकिडवं बसल्यानं पोट साफ व्हायला मदत होते हे खरं, आणि कुंथणं कमी झालं की खालच्या स्नायूंवरचा ताणही कमी होतो. पण तेवढ्यानं अंग बाहेर येणं टळत असतं, तर नेपाळच्या डोंगरांतल्या बायकांना ते झालंच नसतं. त्या उकिडव्याच बसतात. पण बाळंतपण होतं न होतं तोच त्यांना ओझी उचलावी लागतात. तिथं हा त्रास इतका पसरलेला की २००८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं तो बायकांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न मानला आणि सरकारला पावलं उचलायला सांगितलं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. बाळ बाहेर येताना यातले काही स्नायू मूळ लांबीच्या जवळजवळ तिप्पट ताणले जातात. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांची भर पडते. गुडघेदुखी आपण पंगतीत बसून सांगतो. मग या स्नायूंचंच काय वेगळं आहे?

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला माझी मुलगी झाली तेव्हा हेबामे, म्हणजे सुईण, घरी यायची. बाळाचं वजन करायची, नाळ बघायची आणि तितक्याच सहज मला विचारायची, लघवी थांबवता येते का, खाली जड वाटतं का. नंतर र्‍युकबिल्डुंगचा, म्हणजे बाळंतपणानंतर हे स्नायू पूर्ववत करायच्या व्यायामांचा वर्ग, दहा तासांचा, क्रांकेनकासेच्या, म्हणजे आरोग्यविम्याच्या पैशांनी, बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत पुरा करायचा. आम्ही सगळ्या चटयांवर, बाळं शेजारी. लघवी आणि वारा एकदम रोखून धरावा तसं आत आणि वर ओढायचं, श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, मग पूर्ण सैल सोडायचं. हे सैल सोडणंही तितक्याच मन लावून शिकवायचे. हळूहळू मला बस पकडायला धावता येऊ लागलं.

यावर मंडळाचं उत्तर मला पाठ आहे : मूलबंध, योगातलं हेच आत-वर ओढणं, आपल्याकडे आधीपासून आहे. आहेच! अर्नोल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, त्याच्या शतकानुशतकं आधी हठयोगात मूलबंध होता. मग तो कुठल्या बाळंतिणीला शिकवलात? वहिनीच्या वेळी मालीश, शेक, डिंकाचे लाडू, पोट बांधणं, सव्वा महिना सगळं यथासांग झालं. पोट बांधल्यानं तळाचे स्नायू बळकट होत नाहीत, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही.

अभिमान बाळगायचाच तर दुसरीही जागा आहे. मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी, गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. त्या अजून त्यांच्या नावानं शिकवल्या जातात. आणि आपल्या घरांत सल्ला एकच, 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' काहींना शस्त्रक्रिया लागतेच, त्याला माझा विरोध नाही. पण पिशवी काढल्यानं झोळी घट्ट होत नाही, पुढे योनीचा माथाही खाली उतरू शकतो. त्याआधी जाणकाराच्या देखरेखीखाली निदान तीन महिने व्यायाम करून बघता येतो, आत आधाराला सिलिकॉनची रिंग बसवून बघता येते. हेच त्या अर्ध्या तासात सांगायचं होतं.

स्वच्छतेत २०१७ पासून वर्षामागून वर्षं देशात पहिलं आलेलं माझं शहर. ते घराघरांतल्या बायकांनी ओला-सुका कचरा वेगळा केला म्हणून आलं. त्यांच्यातलीच माझी आत्या राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जायची थांबली, उज्जैनला जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की आता वय झालं.

'तिला तिकडे बसून बोलायला काय जातंय,' असंही मंडळात कुणीसं म्हणालं. ते मला लागलं. इथे शेजारच्या चटईवरच्या बाईला मी माझं सगळं सांगितलं, पण वर्ग संपल्यावर ती रस्त्यात ओळखही देत नाही. हेबामे अर्ध्या तासात निघून जायची, मग घरात मी आणि बाळ. हातावर पाणी पडू न देणारं इथे कुणी नव्हतं. तशी माणसं माझी इंदूरला रामबागेत आहेत, सुदामानगरात आहेत. जर्मन बायकांसाठी मला चिडावं लागत नाही, त्यांचं त्या बघतात. मी चिडते ती मला लाडू पाठवणाऱ्या बायकांसाठी, आणि त्यांनी मला परकी म्हटलं की मला उत्तर सुचत नाही.

आत्याला वहिनीनं शेवटी डॉक्टरांकडे नेलं. रिंग बसवून बघू, असं त्या म्हणाल्या. आत्या म्हणते, आधी पापडांचं उरकू दे. मी वहिनीला सांगितलंय, पापड तू लाट, तिला परवाच घेऊन जा.