काका, दुर्बीण माळ्यावर टाकलेली नाही

काका, तुमची प्रतिक्रिया सकाळी लोकलमध्ये वाचली आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत गेले. उत्तर लांबणार आहे, म्हणून खाली दोन ओळी न खरडता वेगळं लिहिते.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या पट्ट्यात, पाण्याच्या थाळीपाशी आणि पपईखाली लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर पार्ल्याच्या एका काकांनी, ज्यांचं निम्मं आयुष्य पक्षी बघण्यात गेलंय, चांगलंच फटकारलं. ‘आपण झोपायचं आणि यंत्राने जागायचं, याला पक्षीनिरीक्षण म्हणत नाहीत, पाळत म्हणतात.’ पुढे तीन तक्रारी. दिव्याने आणि डब्याने प्राण्यांना त्रास होतो. लोक हे वाचून उद्या घरट्यात कॅमेरे घालतील. आणि सोसायटीत कॅमेरा म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात डोकावणं. जाता जाता एक टोला: ‘तुमच्या त्या कॅमेऱ्यात कधी तांबट आला का?’

पाळतीचं आधी.

मी खिडकीत असते तेव्हा थाळीवर काय घडतं ते मला पाठ आहे. दयाळ आधी भिंतीवर येतो, शेपटी ताठ. एक नजर खिडकीकडे. मग कडेवर उतरून दोन-तीन घोट, प्रत्येक घोटाला चोच वर, आणि भुर्र. मी पडद्याआड उभी राहिले तरी हेच. कॅमेऱ्यात मात्र तो आंघोळ करतो. आधी नुसतेच पाय पाण्यात. मग छाती टेकवतो, लगेच उठतो, चौफेर बघतो. पुन्हा छाती. मग पंख अर्धवट उघडून असा काही फडफडतो की लेन्सवर थेंब उडतात आणि पुढचं सगळं धूसर दिसतं. मध्येच थिजतो, कारण कुठेतरी कावळा ओरडलेला असतो. कावळा गेला की उरलेली आंघोळ. शेवटी भिजून निम्मा झालेला, पिसं अंगाला चिकटलेली, असा जास्वंदीच्या खालच्या फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून काढतो. ओल्या पक्ष्याला धड उडता येत नाही. दहा फुटांवर माणूस असताना तो ही जोखीम का घेईल? म्हणजे मी तिथे असले की मला तहानलेला दयाळ दिसतो, आणि नसले की दयाळाची अख्खी सकाळ.

तुम्ही म्हणाल, रोज एका जागी निवांत बसा, पाखरांना सवय होते. होते ना! पण तुमची रिटायरमेंट आणि माझी सव्वासातची फास्ट यांत थोडा फरक आहे.

आणि स्वतःला दृश्यातून काढून टाकण्याची ही युक्ती काही कॅमेऱ्याबरोबर आलेली नाही. सलीम अलींची नोकरी गेली होती तेव्हा, १९३० साली, ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. तिथे सुगरणींच्या घरट्यांसमोर लपण, म्हणजे लपून बसायचा आडोसा, करून ते तासन्तास बसले आणि त्यातून कळलं की नर एकामागून एक घरटी विणतो, मादी ती पारखून घेते, आणि एका नराच्या घरट्यांत वेगवेगळ्या माद्या संसार थाटतात. उघड्यावर खुर्ची टाकून बसले असते तर सुगरणी एवढ्या निवांत वागल्या असत्या का? त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने उत्तरेच्या जंगलात वाघांच्या वाटेवर तारा ताणून, तारेला पाय लागला की फोटो निघेल अशी सोय केली होती. वाघाने स्वतःच काढलेले स्वतःचे फोटो! चॅम्पियन त्या वेळी तंबूत घोरत असतील तर त्यांनाही तुम्ही आळशी म्हणणार का?

‘उठल्यावर मोबाइलवर आयते पक्षी’ असंही तुम्ही लिहिलंत, ते मात्र कॅमेरा न लावलेल्या माणसाचं वाक्य आहे. आयतं काही मिळत नाही हो. थाळीचा कॅमेरा चित्रातला बदल बघून चालू होतो, म्हणजे वारा सुटला की पपईच्या पानाची सावली दिवसभर शूट होते. रात्री पाल, पतंग, आणि कोळ्याने नेमकं लेन्ससमोर विणलेलं जाळं. जंगलातही तेच. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, फोटो निघाले ३,४८,५८,६२३, आणि त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकी सगळं बिबटे, हरणं, गुरं, माणसं, गवत. रात्री जेवणं आटोपली की मी आणि सासूबाई क्लिपा चाळत बसतो. त्यांचे गुडघे गेलेत, तुमच्यासारखं नॅशनल पार्क फिरणं त्यांना आता जमत नाही. पण बुलबुल लालबुड्या की शिपाई, हे मी चष्मा पुसेपर्यंत त्यांनी सांगितलेलं असतं. थाळीत माशाचे काटे कोण टाकतं याचा छडाही त्यांनीच लावला. कावळा कुठूनतरी बोंबलाचं डोकं आणतो, पाण्यात बुडवतो, पायाखाली धरून उलटंपालटं करतो, पुन्हा बुडवतो, मऊ झालं की खातो आणि काटे आमच्यासाठी ठेवून जातो. वाळका पावही असाच. ही पाळत म्हणायची तर म्हणा. आम्ही तिला टीव्ही म्हणतो.

आता तुमच्या बाजूचं एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मीच लिहिते. कॅमेऱ्याला मोजता येत नाही. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, म्हणून त्या ७६,६५१ फोटोंतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. बुलबुल सगळे सारखेच. सकाळभरात दहा वेळा बुलबुल दिसला म्हणजे दहा बुलबुल, की एकच तहानलेला? सांगता येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातले आकडे मी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या वेबसाइटवर, कधीच टाकत नाही. फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटला, म्हणजे घराजवळचे पक्षी मोजायच्या उपक्रमाला, किमान १५ मिनिटं स्वतः उभं राहून, डोळ्यांनी आणि कानांनी केलेलीच यादी देते.

दुसरं, ‘कॅमेऱ्यात नाही म्हणजे आला नाही’ हेही खोटं. पपईखालचा कॅमेरा उष्णतेवर चालतो. समोरच्या भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं तरच तो जागा होतो. पाल त्याला दिसतच नाही, कारण ती भिंतीइतकीच गार असते. आणि मे महिन्यात भरदुपारी भिंत इतकी तापते की गरम रक्ताचा पक्षीही तिच्यात मिसळून जातो. त्यातून पक्षी शिंजिराएवढा चिमुकला असला तर विचारूच नका. म्हणून कोणी कॅमेऱ्याचा हवाला देऊन ‘उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे पक्षी येत नाहीत’ असं लिहिलं, तर तुम्ही त्याला जरूर फटकारा, मी टाळ्या वाजवीन.

दिव्याचं. रात्री पांढरा फ्लॅश मी वापरत नाही. अवरक्त (इन्फ्रारेड) एलईडी आहेत, ९४० नॅनोमीटरचे. बाजारात ८५० चे जास्त मिळतात, त्यांनी चित्र उजळ येतं, पण अंधारात ते लालसर मिणमिणतात. ९४० चा उजेड आपल्याला दिसत नाही. पक्ष्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो, पण तो रंगाच्या दुसऱ्या टोकाला. अवरक्त त्यांच्याही डोळ्यांच्या पलीकडे. तरी ‘काहीच कळत नाही’ असा दावा मी करणार नाही. कॅमेरा सुरू होताना बारीक खट्ट होतं, आणि आमच्या उदमांजराने एकदा पपईवर अर्ध्यात थांबून सरळ लेन्समध्ये बघितलंय. मग शांतपणे वर चढलं.

घरट्याबद्दल तुमचं माझं भांडण नाहीच. हा मुद्दा मागच्या लेखात यायला जागा नव्हती, तो इथे नीट सांगते, कारण परदेशी व्हिडिओ बघून लोक मला विचारतात, ‘घरट्यात कॅमेरा कसा बसवायचा?’ तिकडे बागेत लाकडी पेट्या टांगतात, तिकडचे छोटे पक्षी पेट्यांत घरटी करतात, आणि कॅमेरा पेटीच्या छताला हंगामाआधीच बसवलेला असतो. आपल्या बागेतले पक्षी वेगळे. शिंपी पानं शिवून आत घरटं करतो, शिंजिराची पिशवी फांदीच्या टोकाला लोंबते, बुलबुलाची वाटी झुडपात उघडीच. तिथे कॅमेरा लावायचा म्हणजे पानं बाजूला करणं, फांदी वाकवणं, दोनदोनदा जाऊन बघणं. आणि आपण कुठे जातोय हे मुंबईचा कावळा वायरवर बसून बघत असतो. अंडी-पिल्लांचं पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. भारद्वाजही त्याच वाटेने येतो. आमच्या जास्वंदीत शिंप्याचं घरटं होतं तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड थाळीकडेच होतं. दयाळ, साळुंकी, चिमणी ही ढोलीत, भोकात राहणारी मंडळी पेटी स्वीकारतात. कोणाला हौसच असेल तर त्यांच्यासाठी पेटी लावा, कॅमेरा फेब्रुवारीच्या आत बसवून टाका, आणि मग पिल्लं उडून जाईपर्यंत पेटीला हात लावू नका. एवढा धीर नसेल तर थाळी बरी.

शेजाऱ्यांचं. इथे तुम्ही अगदी बरोबर आहात, पण आमच्याकडे गोष्ट उलटी घडली. दोन्ही कॅमेरे खाली, भिंतीकडे तोंड करून आहेत, आवाज बंद, कमिटीला लेखी कळवलेलं. कोणाची खिडकी चुकूनही येत नाही. पपईखालचा कॅमेरा तर कमिटीच्या आग्रहानेच लागला. पिकायला आलेल्या पपया रात्रीत गायब व्हायच्या आणि संशय रात्रपाळीच्या वॉचमनवर. बिचारा शपथा घेऊन दमला होता. क्लिपमध्ये उदमांजर पाइपावरून उतरलं, झाडावर गेलं, पपई जागेवरच कोरून खाल्ली, उरलेली खाली पडली ती घुशीने ओढून नेली. मीटिंगमध्ये ती क्लिप दाखवल्यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘म्हणजे दोघं आहेत!’ पिंजरा लावायची सूचना आलीच, पण उदमांजर कायद्याने संरक्षित आहे म्हटल्यावर बारगळली. पपया आता कच्च्याच उतरवून भाजी करतात. वॉचमन माझ्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आठवणीने बदलतो.

कबुतरांची धास्ती आणखी दोघातिघांनी व्यक्त केली आहे. मी दाणे टाकत नाही, फक्त पाणी ठेवते. दाणे टाकले की मुंबईत कबुतरंच येतात, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेने फुप्फुसांना होणारा आजार डॉक्टर लोक ओरडून सांगतायत, आणि २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद हायकोर्टात कसा पेटला ते सगळ्यांनी पाहिलंय. थाळी रोज सकाळी ओतून काथ्याने घासते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. पालिकेचा माणूस तपासायला येतो तेव्हा त्याला कोरडी घासलेली थाळी दाखवता आली पाहिजे. पावसाळ्यात थाळीही नाही आणि कॅमेराही नाही. पाणी सगळीकडेच असतं, आणि लेन्सला बुरशी धरते.

राहिला तांबट. नाही काका, कधीच नाही आला. जांभळाच्या शेंड्यावर त्याची टुकटुक फेब्रुवारीपासून चालू असते, माझी लेन्स खाली दोन फुटांचं जग बघते. त्याला मी दुर्बिणीनेच बघते, मान दुखेपर्यंत. रविवारी नॅशनल पार्कात या असं तुम्ही रागाने लिहिलंय की प्रेमाने, ते कळलं नाही, पण मी येतेय. पार्कातल्या शिलोंड्याच्या वाटेला जायचं असेल तर परवानगी तुम्ही काढता की मी काढू, तेवढं कळवा.