‘कडूपणासाठी कोणतेही हॉप्स चालतात’, हे कितपत खरे?

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. उकळीच्या सुरुवातीला टाकलेल्या हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) सुगंध तासाभरात उडून जातो आणि मागे निव्वळ कडूपणा उरतो. म्हणून कृतीतले वाण मिळाले नाही तर हाताशी असेल ते घ्यावे, पाकिटावरच्या अल्फा आम्लाच्या (हॉप्समधल्या कडूपणाच्या मूळ घटकाच्या) टक्केवारीने गणित जुळवावे, चवीत काडीचाही फरक पडत नाही, असा त्याचा आशय आहे. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे कायद्यात बसत नाही, पुढचे विवेचन जिथे त्याला मुभा आहे तिथल्या वाचकांसाठी आहे.)

गणिताचा मुद्दा आधी घेऊ, कारण सल्ल्याचा सगळा भार त्यावरच आहे. अल्फा आम्ले उकळत्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) रूप बदलून आयसो-अल्फा आम्ले होतात, आणि लिटरमागे त्यांचे एक मिलिग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक आयबीयू (कडूपणाचे एकक). १.०५० घनतेच्या (पाणी १ धरून) २० लिटर पिल्सनर या फिकट बिअरला ३० आयबीयू हवे असतील, तर टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्राप्रमाणे तासाभराच्या उकळीत सुमारे २३ टक्के अल्फा आम्ल कामी येते. म्हणजे १२ टक्क्यांचे मॅग्नम हे वाण सुमारे २२ ग्रॅम लागेल आणि ३ टक्क्यांचे साझ ८७ ग्रॅम. कागदावर आयबीयू जुळले, पण पातेल्यात चौपट पाला पडला. त्यातल्या पॉलिफिनॉल्समुळे फार वेळ उकळलेल्या चहासारखा तुरटपणा जिभेवर बसू शकतो, शिवाय तो पाला बरेच वर्ट शोषून घेतो. चेक पिल्सनरमध्ये मात्र कडूपणासाठीही साझच वापरण्याची परंपरा आहे. तिथे हा पाल्याचा अंश दोष नसून बिअरचा स्वभाव आहे, आणि साझच्या जागी मॅग्नम घातले तर नेमका तोच हरवतो. आयबीयूचा आकडा या दोन्ही बाबतींत गप्प असतो.

सुगंध उडून जातो, हा दावा बऱ्याच अंशी खरा आहे. मिरसीनसारखी हलकी तेले तासभर उकळल्यावर जवळजवळ उरत नाहीत. परंतु जड तेलांपासून बनणारी काही संयुगे अल्प प्रमाणात मागे राहतात, आणि साध्या, फिकट बिअरमध्ये तेवढीही जाणवू शकतात. चिनूक वाणाच्या हॉप्सची एक गोळी तळहातावर चोळून पाहावी : चीड (पाइन) वृक्षाच्या राळेसारखा जो वास येतो, त्याची पुसट छटा ब्लाँड एलसारख्या फिकट बिअरमध्ये पहिल्या मिनिटाला टाकलेल्या चिनूकमधूनही उतरू शकते. मॅग्नम कडूपणासाठी निवडतात ते मुख्यतः त्याचा कडूपणा स्वच्छ असतो म्हणून. शेवटी सिट्रा हे सुगंधी वाण मूठमूठ पडणाऱ्या आयपीए या हॉप्सप्रधान बिअरमध्ये मात्र हा फरक कोणी ओळखून दाखवावा. तिथे मी सल्लागारांशी वाद घालणार नाही.

पाकिटावरची टक्केवारीही दगडावरची रेघ नव्हे. ती त्या हंगामातल्या मालाच्या तपासणीचा आकडा असते. नंतर हवा आणि ऊब लागली की अल्फा आम्ल घटत जाते. माझ्या फ्रिजच्या तळाशी नीट बंद न केलेले एक पाकीट वर्षभर पडून होते. उघडल्यावर घामट मोज्यांचा वास आला, आणि त्यावर छापलेला आकडा मानण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्यातच हॉप्समधल्याच बीटा आम्लांचे ऑक्सिडेशन होऊन निराळा कडूपणा तयार होतो, तो या सूत्रांत धरलेलाच नसतो. बेल्जियममधले लँबिक ही आंबट बिअर बनवणारे मुद्दाम जुने हॉप्स वापरतात, कारण त्यांना फारसा कडूपणा नको असतो, जिवाणूंना आवर घालण्याचा गुण हवा असतो.

याच सल्ल्याला एक पुरवणी जोडलेली असते : कोह्युम्युलोन (अल्फा आम्लांपैकी एक) कमी असलेले वाण घ्या, म्हणजे कडूपणा बोचणार नाही. ही समजूत संशोधक रिग्बी यांच्या १९७२ च्या मांडणीपर्यंत मागे जाते. पुढच्या चाचण्यांत तिला ठाम दुजोरा मिळालेला नाही. निवडीचा एकमेव निकष म्हणून ती मला कच्ची वाटते.

मॅग्नमऐवजी वॉरियर घेणे बहुतेक वेळा निर्धोक आहे, कारण त्याचाही कडूपणा स्वच्छ असतो. ते १६ टक्क्यांचे असेल तर वरच्या पिल्सनरला १६ ग्रॅम पुरेल. फक्त स्वयंपाकघरातला जाडाभरडा काटा इथे कामाचा नाही : वजनात दोन ग्रॅमची चूक झाली, तर साझमध्ये एक आयबीयूही इकडचा तिकडे होत नाही, वॉरियरमध्ये मात्र जवळजवळ चार आयबीयूंचा फरक पडतो.