आईकडून की बापाकडून?

जनगणनेत जात मोजायची असं केंद्र सरकारने एप्रिल २०२५मध्ये ठरवलं, तेव्हापासून ठाण्यातल्या मित्रांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "तुमचं बरंय, तिकडे ही भानगड नाही." मी इस्रायलमधल्या अश्दोदला राहतो. भानगड नाही कशी?

इस्रायलच्या लोकसंख्या नोंदवहीत नागरिकत्व वेगळं, धर्म वेगळा आणि 'लेओम', म्हणजे तुम्ही कुठल्या समाजाचे, हे आणखी वेगळं. तिथे ज्यू, अरब, द्रुझ असं लिहितात. 'इस्रायली' लिहिता येत नाही. त्यासाठी भाषाशास्त्रज्ञ उझी ओर्नान कोर्टात गेले, पण २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ओळखपत्रावर आता लेओम छापत नाहीत. मात्र जन्मतारीख हिब्रू पंचांगाप्रमाणेही दिलेली असली, की समजायचं ते समजतं.

खरी मेख पुढे आहे. ज्यूंना इथे येऊन राहायचा हक्क देणाऱ्या 'परतीच्या कायद्या'त १९७०मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर एक आजी किंवा आजोबा ज्यू असले तरी इथे येऊन नागरिक होता येतं. लग्न मात्र रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या हातात, आणि रब्बी बघतात आई. त्यामुळे सोव्हिएत संघातून आलेल्या, फक्त बापाकडून ज्यू असलेल्या घरातला मुलगा सैन्यात जातो आणि लग्नाला सायप्रसला जातो. परतल्यावर सरकार त्या लग्नाची मुकाट नोंद करतं!

आम्हा बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, याचा चटका चांगला बसलाय. कोकणात आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली'. पेणकर, रोहेकर, नवगावकर. इथे आल्यावर १९६२मध्ये मुख्य रब्बींचं फर्मान निघालं: यांच्या लग्नाआधी आई, आजी, पणजीची चौकशी करा. रोह्याच्या पणजीचा कागद कुणी द्यायचा? १९६४च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेने ठणकावलं की हे सर्वार्थाने ज्यूच. (आमच्यातही 'गोरे' आणि मिश्र लग्नांतून आलेले मानले जाणारे 'काळे' होते, आणि गोऱ्यांना काळ्यांशी सोयरीक चालत नसे. हे आमची म्हातारी माणसं सहसा सांगत नाहीत.)

महाराष्ट्रात कुणबी दाखल्यासाठी मोडीतले कागद धुंडाळणाऱ्यांचं दुखणं म्हणूनच मला परकं वाटत नाही. फरक एवढाच की तिकडे पणजोबा लागतात, आईच्या माहेरचा पुरावा सहसा चालत नाही. तरी दाखल्याच्या मागे निदान काहीतरी वाटप आहे, तिथे पुरावा मागणारच. मोजणीचं तसं नाही. तिथे माणूस सांगेल ते प्रगणक लिहून घेतो. १९३१नंतर देशभरातल्या सगळ्या जातींचे आकडे कधी बाहेर आलेच नाहीत. ते येऊ देत, माझी काही हरकत नाही.

माझी धास्ती वेगळी आहे. भारतात १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस लागते, तेवढ्यात काका-मामा दंडुके घेऊन हजर होतात, सगळं खरं. पण जात-धर्म न बघता लग्न लावणारं सरकारी कार्यालय तुमच्या जिल्ह्यात आहे. इथे ते देशभरात कुठेच नाही. आणि डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारने काय केलं? आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. ठाण्याच्या मित्रांनी त्यावर मला एकही फोन केला नव्हता.