एका पायाचा फोर्क आणि चार आक्षेप

ठाणे आणि नवी मुंबईतील सायकलस्वारांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. दोन पायांचा टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारा) फोर्क सोडून माउंटन बाइकला दुसरा कोणताही सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के शोषणारा भाग, लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे त्यात म्हटले आहे. कॅननडेल या सायकल कंपनीच्या, चाक फक्त डाव्या बाजूने धरणाऱ्या एका पायाच्या ‘लेफ्टी’ फोर्कवर त्याचा विशेष रोख आहे: तो भाराखाली मोडतो, वळणावर पिळवटतो, चांगला असता तर सर्वच कंपन्यांनी केला असता आणि आपल्या पावसात टिकत नाही. जुना लेफ्टी लावलेली सायकल मी गेला हिवाळाभर उपवनहून येऊरपर्यंत आणि गावातील दगडगोट्यांच्या कच्च्या रस्त्यांवर चालवली आहे, म्हणून हे उत्तर.

मोडण्याची भीती दिसण्यातून येते. मोटारीचे प्रत्येक चाक एकाच बाजूने धरलेले असते. पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठरपणा सुमारे आठपट होतो. लेफ्टीची एकुलती नळी एवढी रुंद असण्याचे कारण हेच. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा माउंटन बाइकपटू मार्को फोंताना याने लेफ्टीवरच कांस्यपदक जिंकले. शेवटच्या फेरीत त्याच्या सायकलची सीट निखळून पडली, फोर्क मात्र शाबूत राहिला.

पिळवटण्याचा आक्षेप तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. साध्या फोर्कमध्ये गोल नळी गोल नळीत सरकते, त्यामुळे तिला स्वतःभोवती फिरण्यापासून रोखण्यासाठी दुसरा पाय, अ‍ॅक्सल (चाकाचा आस) आणि दोन्ही पाय जोडणारी वरची कमान लागते. लेफ्टीच्या आतील नळीला सपाट बाजू आहेत आणि त्यांवरून नीडल बेअरिंग (सुईसारखे बारीक रूळ) धावतात, म्हणजे फिरायला जागाच उरत नाही. याचा दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. चाक दगडावर आदळते तेव्हा धक्का वर जातो तसा मागेही ढकलतो. त्या आडव्या दाबाने साध्या फोर्कमधील बुश (नळी सरकते ती आतली कडी) नळीला घासतात आणि नेमक्या गरजेच्या क्षणी फोर्क अडखळतो, तर बेअरिंग त्याच दाबाखालीही गडगडत राहतात. येऊरच्या उतारावर ब्रेक दाबलेला असताना खडी लागली की हा फरक मनगटांना स्पष्ट कळतो.

‘सर्वांनी केला असता’ हा युक्तिवाद बाजाराविषयी काही सांगतो, यंत्राविषयी नाही. सस्पेन्शन रचनाकार डेव्ह वीगल यांनी रचलेला, सरकत्या नळ्यांऐवजी सांधेजोडणीवर चालणारा, १३० मिलिमीटर चालीचा ‘ट्रस्ट मेसेज’ हा असाच वेगळ्या धाटणीचा फोर्क २०१८ मध्ये सुमारे २,७०० डॉलरना आला आणि २०२० मध्ये कंपनी बंद पडली. एवढ्या किमतीला गिऱ्हाईक कमीच मिळणार.

पावसाचा आक्षेप मात्र मला अंशतः मान्य आहे. नळीवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटले आणि पाणी आत गेले, तर बेअरिंग गंजतात. शिवाय संदेशात नसलेला एक दोष मीच नोंदवतो: जुन्या लेफ्टीत बेअरिंगच्या पट्ट्या हळूहळू जागेवरून सरकतात, फोर्कची चाल (तो जेवढा दबू शकतो ते अंतर) घटते आणि त्या पुन्हा बसवाव्या लागतात. हब, म्हणजे चाकाचा मधला भागही वेगळाच असल्याने वाटेत मित्राचे पुढचे चाक उसने घेता येत नाही. म्हणून जुना लेफ्टी घेणाऱ्याने आधी बूट तपासावा, पट्ट्या बसवून देणारा कारागीर ठाण्यात शोधून ठेवावा आणि मगच पैसे मोजावेत.