वाटाड्या पाहिजे

न्यू जर्सीत मॅनव्हिलजवळ सेंट्रल जर्सी नावाचा एक छोटा विमानतळ आहे. तिथून स्काय मॅनर नावाचा दुसरा, त्याहून चिमुकला विमानतळ हवेतून जेमतेम सतरा-अठरा सागरी मैल. आमच्या फ्लाइंग क्लबाच्या सेसना १७२ विमानाने पंधरा मिनिटं. तिथे जाऊन बर्गर खायचा आणि परत यायचं, याला इथले हौशी वैमानिक 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. नाव जुन्या काळातलं आहे. आता शंभरात जाणं होतं, येण्याचे वेगळे. वाटेबद्दल म्हणाल, तर पश्चिमेला तोंड करून निघायचं, उजव्या हाताला राउंड व्हॅलीचं धरण मागे पडलं की धावपट्टी शोधायला लागायचं.

एवढ्या वाटेसाठी जीपीएस निवडायला मला साडेचार महिने लागले.

दोष रक्ताचा आहे. आमच्या घरात कुठलीही वस्तू एका दुकानात बघून घेणं हा बावळटपणा समजतात. आईने प्रेशर कुकर घेतला तेव्हा नाशिकच्या मेन रोडपासून रविवार कारंज्यापर्यंतची सगळी दुकानं दोनदा पालथी घातली होती आणि शेवटी पहिल्याच दुकानातून पहिलाच कुकर आणला. ती आई यंदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आलेली. म्हणजे माझ्या खरेदीला तज्ज्ञ घरातच होता.

पहिलं स्थळ सांगून आलं क्लबातूनच. एक सभासद आपला जुना जीपीएस, गार्मिन ४९६, विकत होता, २००६ सालचं मॉडेल. तळहाताएवढा, दणकट, खरीखुरी बटणं असलेला. मला विमान शिकवणारे इथले आजोबा (सत्तरी उलटलेली, पण नजर घारीची) म्हणाले, "घे की. तुम्हाला किंमत नाही. मे २००० पर्यंत आमचं सरकारच मुद्दाम जीपीएसचा सिग्नल बिघडवून द्यायचं, शंभर मीटर इकडे-तिकडे." म्हणजे तेव्हा आपण धावपट्टीवर आहोत की शेजारच्या मक्यात, हे वॉशिंग्टनच्या मर्जीवर होतं. मी तो घेणारही होतो. पण घरी आणून आईला दाखवला. तिने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "बॅटरी फुगलीय." फुगली होती.

मग नवा घ्यायचं ठरलं. गार्मिनचाच एरा ६६०: पाच इंची पडदा, बोटाने चालणारा, तेव्हा साधारण साडेआठशे डॉलर. किंवा एरा ७६०: सात इंची आणि किमतीलाही तसाच भरभक्कम. मी कंपनीची कुंडली काढली. गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांनी १९८९ मध्ये काढलेली; गॅरी आणि मिन मिळून गार्मिन. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कॉलेज रोडला निम्मे बंगले याच पद्धतीने बारसं झालेले आहेत.

एका मित्राने सल्ला दिला, "जुलैअखेरपर्यंत थांब, ऑशकॉश होऊन जाऊ दे." विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दरवर्षी विमानवेड्यांची जत्रा भरते आणि नवी यंत्रं तिथे बाहेर पडतात. आमच्याकडे 'दिवाळीपर्यंत थांब, सेल लागेल' म्हणणारा मामा असतो, तसा हा. मी थांबलो. दिवाळीपर्यंत थांबायची सवय होतीच.

त्या दरम्यान माहितीच्या वर्गणीचा विषय निघाला. यंत्र एकदा घेऊन भागत नाही. आतली विमानतळांची, हवाई हद्दींची माहिती दर २८ दिवसांनी नवी होते आणि ती विकत घ्यावी लागते. हे आईला कसं समजावू या विचारात मी होतो.

"म्हणजे मोबाईलच्या रिचार्जसारखं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "महिना म्हणायचं आणि अठ्ठावीस दिवसांत उरकायचं. वर्षाचे तेरा होतात बघ. आपलं पंचांग बरं, पाडव्याला घेतलं की वर्षाची ददात नाही."

बायको इतके दिवस गप्प होती. ती म्हणाली, "अरे, घरात आयपॅड आहे ना? सगळे तोच वापरतात म्हणे."

खरंच वापरतात. फोरफ्लाइट नावाचं अ‍ॅप घातलं की नकाशे, हवामान, सगळं हजर. मी लेकीकडून दोन तासांच्या बोलीवर आयपॅड मिळवला आणि उडालो. दीड हजार फुटांवर मला कळलं की नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसतेच. ती सिमवाल्यात असते. निळा ठिपका आमच्या एडिसनच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसलेला होता. त्यात आयपॅडच्या कव्हरातल्या चुंबकाने विमानाच्या होकायंत्राचं डोकं फिरवलं. पुढे तापमानाचा भाग वेगळाच. ३५ अंशांपलीकडे आयपॅड वापरू नका असं खुद्द कंपनीच सांगते, आणि जुलैच्या उन्हात उभं राहिलेलं सेसना म्हणजे झाकण लावलेलं इडलीपात्र.

शेवटी ऑगस्टात एरा ६६० मागवला. नवा बघायला सुरुवात केली तेव्हा यादीत पहिला तोच होता. त्याच ऑर्डरीत, सवलत होती म्हणून, पोलराइज्ड (एकाच दिशेचा प्रकाश आत सोडणाऱ्या) काचांचा गॉगलही घेतला.

यंत्र घरी आल्यावर चार दिवस मी ते बाल्कनीत दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून उभा राहायचो, कारण घरात उपग्रह सापडत नव्हते. शेजारच्या गुजराती काकांना वाटलं, मी सूर्याला अर्घ्य देतोय; त्यांनी कौतुकाने हात जोडले. रात्री जेवणाच्या टेबलावर यंत्राच्या नकली उड्डाणाचा सराव. वरणभात होईपर्यंत आम्ही स्काय मॅनरला पोचलेलो असायचो.

पहिल्या खऱ्या उड्डाणाला आई शेजारी बसली. अंगात स्वेटर, वर शाल, वर हेडफोन. यंत्र रबरी वाटीने काचेला चिकटवलं होतं. वर गेलो, गॉगल चढवला आणि पडदा काळा ठिक्कर.

मी बोटांनी टोचून पाहिलं, वायर हलवली. उजेड वाढवला असावा, पण दिसतच नव्हतं. मग चुकून मान खांद्याकडे कलली आणि नकाशा लख्ख उमटला. सरळ केली, गेला. पडद्यातून येणारा प्रकाश आणि गॉगलची काच यांचं एकमेकांत वाकडं होतं. गॉगल काढावा, तर आईच्या शालीची झालर त्याच्या दांडीत अडकलेली आणि दोन्ही हात कामात. तसाच मान वाकडी करून उडवत राहिलो.

"मान अवघडली का रे?" आई हेडफोनमधून म्हणाली.

"नाही, बघतोय."

"काय बघायचंय? मला दिसतंय की सगळं. सहा पॉइंट दोन लिहिलंय. आणि उजवीकडे बघ, केवढं धरण! आपल्या गंगापूरसारखंच." थोड्या वेळाने, "ती समोर पट्टी आहे बघ. रस्ता नाही, रस्त्यावर गाड्या असतात."

तीच धावपट्टी होती. उतरलो. आईने बटाट्याच्या तळलेल्या कांड्या खाल्ल्या, बर्गर मी खाल्ला, आणि हिशेबाचा कागद तिने बघू नये म्हणून खिशात घातला.

संध्याकाळी नाशिकला मावशीशी बोलणं चाललं होतं. मी शेजारच्या खोलीत गॉगल परत करायचा अर्ज भरत होतो.

"हो, छान चालवतो गं," आई सांगत होती. "पण नजर अधू झालीय त्याची. सगळी वाट मीच दाखवली."