दोन लेकरं, एकच पुस्तक

ज्यांच्या घरी दोन लहान लेकरं आहेत त्यांना माझं एकच सांगणं, ॲक्टिव्हिटी बुक दोघांत मिळून एकच आणा. दुकानदार म्हणणारच की ताई वय बघून घ्या, अन् आपण दोन घेऊन येतो. मग काय, धाकट्याला दीदीचंच पाहिजे, अन् दीदीला वाटायलंय त्याच्यातच स्टिकर जास्त आहेत. शेवटी दोन्ही पुस्तकं कपाटावर अन् लेकरांच्या हातात मोबाईल.

आमची मोठी दुसरीला, धाकटा अंगणवाडीत. एका पानावर दोघांपुरतं काम असतंच, फक्त वाटून द्यावं लागतं. 'फरक ओळखा' असलं की यानं बोट ठेवायचं अन् तिनं काय फरक आहे ते खाली लिहायचं. सशाला गाजरापर्यंत न्यायचा रस्ता हा शोधणार, पण वर काय करायला सांगितलंय ते ती वाचून दाखवणार. आता हेच तिचं वाचन झालं ना! नुसतं 'बस वाचायला' म्हणलं की हिला लगेच तहान लागते.

एकच पान दोघांना पुरवायचं तर झेरॉक्स काढत बसू नका. स्टेशनरीत पारदर्शक प्लास्टिकची फाईल मिळते, पान सुटं करून त्यात सरकवायचं, वरून व्हाइटबोर्डच्या मार्करनं गिरवायचं अन् कोरड्या फडक्यानं पुसलं की पान परत कोरं. पर्मनंट मार्कर मात्र आधी लपवा, दोन्ही सारखेच दिसतात!!

अन् चार वर्षाच्या लेकराला अक्षरं गिरवायची घाई कशाला हो? मुठीत धरलेला खडू बोटांत यायला वेळ लागतो. कणकेचे गोळे करू द्या, कागद फाडून चिकटवू द्या, ज्वारी निवडताना शेजारी बसवा, हळूहळू बोटांत जोर येतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे आमचा अंगणवाडीवाला अन् दुसरीवाली एकाच टप्प्यात की. पण हे आमच्या लातुरात कुणाला सांगायचं, इथं दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'ची हवाच अशी की लेकरू चालायला लागलं की लोक विचारतात क्लास कुठला लावला.

गोष्टीच्या पुस्तकाचं म्हणाल तर आमच्या घरात सगळ्यात भारी वाचतात त्या सासूबाई, ज्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. चित्र बघून त्या आपली गोष्ट लावतात. पुस्तकातला हत्ती बाजारात केळी आणायला गेलेला असतो, यांचा हत्ती आमच्याकडच्या वेळाअमावस्येच्या सणाला शेतात जाऊन भज्जी खातोय अन् वर मडकंभर आंबील पितोय. मोठी लगेच उखडते, "आजी, असं नाही लिहिलेलं!" "मग काय लिहिलंय गं माय, वाच बरं." की ही बोट ठेवून अख्खं पान वाचून दाखवते, अन् धाकटा आजीच्या मांडीवरून ओरडतो, आंबीलवालीच सांग. सासूबाई हे मुद्दाम करतात असा मला डाऊट आहे, विचारलं तर नुसत्या हसतात.

धाकट्याला रोज तेच पुस्तक लागतं अन् मी एखादी ओळ गाळली तर लगेच पकडतो. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही, अन् पुढं काय येणार ते आधीच सांगता आलं की लेकरू असं काही खुलतं की विचारू नका.

पुस्तकं महाग पडतात हे खरंय. पण बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, ते मोठीच्या कामाचे. धाकट्यासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. मोबाईलवर नका दाखवू, प्रिंट काढून दोऱ्यानं शिवा, शिवायला लेकरं आवडीनं बसतात.

भांडणं होतातच. स्टिकरचं पान मात्र मी आधीच कात्रीनं मधोमध कापून ठेवते, तिथं आमचा 'दोघांत एक' चालत नाही.